पडदा दोहात, वाळू मेसईदला

मोटारींचं प्रदर्शन पाहून आलेला माणूस फोनमधले फोटो दाखवू लागला की घरचे दोनच गोष्टी विचारतात : ही मिळणार कधी, आणि केवढ्याला? फोटो काढणाऱ्याला बहुधा दोन्हींची उत्तरं ठाऊक नसतात. गाडीशेजारी उभ्या असलेल्या कंपनीच्या माणसालाही ती अनेकदा ठाऊक नसतात, किंवा ठाऊक असून सांगायची नसतात.

कतारमध्ये असा प्रसंग ५ ते १४ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत आला. जिनिव्हाचं जगप्रसिद्ध मोटर प्रदर्शन त्या वर्षी जिनिव्हात भरलंच नाही, ते दोहात भरलं. मुख्य मांडामांड वेस्ट बे भागातल्या प्रदर्शन केंद्रात होती. तीसच्या आसपास ब्रँड आले होते. पण आयोजकांनी सगळा कार्यक्रम एका छताखाली ठेवला नाही. लुसैलच्या शर्यतीच्या ट्रॅकवर गाड्या चालवून पाहायची सोय केली, लुसैल बुलेव्हार्डवर दुर्मिळ गाड्यांची मिरवणूक काढली, राष्ट्रीय संग्रहालयात डिझाइनवर परिषद घेतली आणि फोर-बाय-फोर गाड्यांसाठी थेट सीलाइनच्या वाळवंटात तळ उभारला.

सीलाइन म्हणजे मेसईदच्या दक्षिणेची वाळू. दोह्यापासून सुमारे ४० किलोमीटरवरचं मेसईद (जुन्या लोकांच्या तोंडी उम्म सईद) हे कतारचं कारखान्यांचं गाव आहे. तेलशुद्धीकरण, खत, पोलाद, ॲल्युमिनियम, प्लास्टिकचा कच्चा माल, सगळं इथं बनतं. भारतीय हा कतारमधला सर्वांत मोठा परदेशी समुदाय, त्यामुळे इथल्या शिफ्टमध्ये मराठी कानावर पडली तर कुणी वळून पाहत नाही. कारखान्यांच्या चिमण्या संपल्या की रस्ता समुद्राच्या कडेने जातो आणि टेकड्या सुरू होतात. प्रदर्शनातल्या दिव्यांखाली कोणतीही गाडी चांगलीच दिसते. या टेकड्यांवर तिचं काय होतं, ते पाहिल्यावर 'कधी मिळणार' या प्रश्नाचा अर्थ जास्त नीट कळतो.

१. पहिलं दर्शन नक्की कुणाचं?

वर्तमानपत्रात 'नवी गाडी सादर' एवढंच छापून येतं. पण सादर होण्याचे प्रकार निदान चार आहेत आणि त्यांची गल्लत झाली की अपेक्षाभंग ठरलेला.

मराठी नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. नाटकाचा शुभारंभाचा प्रयोग एकदाच होतो, समजा दादरला शिवाजी मंदिरात. पुढच्या महिन्यात तेच नाटक नागपूरला लागतं तेव्हा जाहिरातीत 'नागपुरात प्रथमच' असं असतं. ते खोटं नसतं, पण शुभारंभही नसतो. शिवाय त्याआधी कधीतरी निवडक मंडळींसमोर संहितेचं नुसतं वाचन झालेलं असतं. वाचन झालेल्या प्रत्येक संहितेचं नाटक उभं राहतं असं नाही.

गाडीचं असंच असतं. 'संकल्पना गाडी' म्हणजे वाचन. कंपनीच्या मनात काय चाललं आहे ते लोकांना दाखवायचं आणि त्यांची प्रतिक्रिया अजमावायची. अशा गाडीला कधीकधी चालणारं इंजिनही नसतं, ती ढकलत स्टँडवर आणतात. त्यानंतरची पायरी 'उत्पादनाच्या जवळची' गाडी. सांगाडा ठरलेला, दारं-काचा बऱ्याचशा ठरलेल्या, पण कारखान्यातल्या साच्यांचं काम अजून चाललेलं. मग जागतिक पदार्पण, म्हणजे विकायची गाडी पहिल्यांदा जगासमोर येते. आणि शेवटी प्रादेशिक पदार्पण : तीच गाडी अमुक देशात किंवा अमुक भागात पहिल्यांदा.

दोह्याच्या प्रदर्शनात शेवटच्या प्रकाराचं पारडं जड होतं. उदाहरणार्थ टोयोटाची नवी प्राडो. जगाने ती ऑगस्ट २०२३ च्या सुरुवातीलाच लँड क्रूझर २५० या नावाने पाहिली होती, दोन महिन्यांनी आखाती प्रेक्षकांनी दोहात पाहिली. मला यात कमीपणा वाटत नाही. खरेदीदाराच्या दृष्टीने प्रादेशिक पदार्पण हेच जास्त कामाचं. जागतिक पदार्पणात 'कधीतरी, कुठेतरी' एवढंच कळतं. प्रादेशिक पदार्पण झालं म्हणजे तुमच्या देशातल्या विक्रेत्याने ऑर्डर दिलेली असण्याची शक्यता बरीच.

२. सिएराची सहा वर्षं

या पायऱ्या आपल्या ओळखीच्या गाडीवर मोजून पाहू. टाटांची मूळ सिएरा १९९१ ची, पुण्यात बनलेली. तीन दारं आणि मागे छताकडे वळत गेलेली मोठी काच, ही तिची ओळख.

फेब्रुवारी २०२० मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत टाटांनी सिएरा नावाची विजेवरची संकल्पना गाडी दाखवली. लोक हरखले. जानेवारी २०२३ च्या एक्स्पोत ती पुन्हा आली, या वेळी पाच दारांची आणि जरा व्यवहारी. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या भारत मोबिलिटी प्रदर्शनात ती उत्पादनाच्या जवळची म्हणून उभी राहिली. २५ नोव्हेंबर २०२५ रोजी तिची किंमत जाहीर झाली, ११.४९ लाख रुपयांपासून पुढे, आणि ती किंमत पेट्रोल-डिझेलच्या सिएराची होती. २०२० मध्ये जिला पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या ती विजेवरची होती. पहिल्या दर्शनापासून किमतीपर्यंत पावणेसहा वर्षं गेली आणि मधल्या काळात रांगेत पुढे दुसरंच रूप आलं. त्या वळलेल्या काचेचाही विक्रीच्या गाडीत आभास तेवढा उरला.

सगळ्याच गाड्यांना एवढा वेळ लागत नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये एच-फाइव्ह-एक्स नावाने दाखवलेली संकल्पना जानेवारी २०१९ मध्ये हॅरिअर म्हणून विक्रीला आली, वर्षही पुरतं झालं नव्हतं. म्हणजे तिचं काम दाखवण्याआधीच बरंच झालेलं होतं.

नॅनोचं उदाहरण उलट्या टोकाचं. १० जानेवारी २००८ रोजी प्रगती मैदानावर रतन टाटांनी ती स्वतः चालवत रंगमंचावर आणली. ती संकल्पना नव्हती, विकायचीच गाडी होती, आणि एक लाखाचा आकडाही जाहीर होता. त्याच वर्षी मार्चमध्ये ती जिनिव्हातही झळकली. गाडी तयार होती, कारखाना नव्हता. सिंगूरचा वाद पेटला, ऑक्टोबर २००८ मध्ये प्रकल्प साणंदला हलवायचं ठरलं, सुरुवातीच्या गाड्या पंतनगरच्या कारखान्यातून काढाव्या लागल्या आणि पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली पडायला जुलै २००९ उजाडलं. तेव्हा तारीख विचारताना गाडीबरोबर कारखान्याचीही चौकशी करावी. साचे कुठे बसवले आहेत, उत्पादन कधी सुरू होणार, एवढं कळलं तरी अंदाज बराच जवळ जातो.

आणखी एक मधला टप्पा असतो, तो प्रदर्शनात दिसत नाही. रस्त्यावर आणण्याआधी प्रत्येक मॉडेलला सरकारमान्य चाचणीसंस्थेचं प्रमाणपत्र लागतं. ब्रेक, धूर, दिवे, आवाज, धडक, सगळं तपासलं जातं. पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात तिला एआरएआय टेकडी म्हणतात; ते नाव अशाच एका संस्थेचं. आखाती देशांचे स्वतःचे नियम आहेत, त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

३. स्टँडवरची गाडी वाचायची कशी

फलकावर 'संकल्पना' असं लिहिलं नसलं तरी गाडी स्वतः बोलते. आरशांच्या जागी बोटाएवढे कॅमेरे असतील तर सावध व्हा. काही देशांत ते चालतात, बऱ्याच देशांत नाहीत. वायपर शोधा. डिझाइनरला वायपर डोळ्यांत खुपतात, म्हणून संकल्पना गाडीतून ते पहिल्यांदा गायब होतात, आणि विकायच्या गाडीत कायद्याने परत येतात. काचा पार काळ्या असतील आणि दार कुणालाच उघडू देत नसतील तर आत बहुधा काही नाही. नंबरप्लेटला जागाच नसेल तर त्या गाडीने रस्त्याचा विचार अजून केलेला नाही.

मग चाकं पाहा. प्रदर्शनातल्या गाडीची चाकं हटकून मोठी असतात, २२ इंचांची, आणि त्यावर टायरची नुसती पट्टी. दिसायला रुबाबदार. ही चाकं सीलाइनला नेली तर काय होईल ते शेवटी पाहू, पण उत्तर चांगलं नाही.

किंमत सांगताना 'पासून पुढे' म्हटलं असेल तर फोटोतली गाडी त्या किमतीची नाही, हे गृहीत धरा. स्टँडवर कायम सर्वांत महाग आवृत्ती उभी असते.

४. जिनिव्हा दोहात आलं कसं

जिनिव्हाचं प्रदर्शन १९०५ पासूनचं. स्वित्झर्लंडमध्ये मोटारींचा मोठा कारखाना नाही, आणि तेच त्या प्रदर्शनाचं बळ होतं. पॅरिसला फ्रेंच कंपन्यांचा वरचष्मा, फ्रँकफुर्टला जर्मनांचा. जिनिव्हात सगळे पाहुणे. जग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये तिथेच पहिल्यांदा लोकांसमोर आली. चालवून पाहायला एवढी झुंबड उडाली की दुसरी गाडी इंग्लंडमधून रातोरात चालवत आणावी लागली. लँबोर्गिनी मिउराची गंमत आणखी निराळी. १९६५ च्या शेवटी तुरिनच्या प्रदर्शनात तिचा नुसता सांगाडा ठेवला होता, वर पत्राच नाही, आणि तरीही लोकांनी ऑर्डरी दिल्या. पूर्ण गाडी मार्च १९६६ मध्ये जिनिव्हात दिसली. इंजिन उघडं पाहून पैसे मोजणारं गिऱ्हाईक आता कुठे भेटणार!

फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, स्टँड उभारले जात असतानाच, स्विस सरकारने करोनामुळे हजाराहून जास्त माणसांच्या जमावावर बंदी घातली आणि प्रदर्शन रद्द झालं. कंपन्यांनी गाड्या इंटरनेटवर दाखवल्या आणि त्यांच्या लक्षात आलं की असंही जमतं. स्टँड उभारायचा, माणसं न्यायची, हॉटेलं भरायची, आणि त्याच दिवशी दहा प्रतिस्पर्धीही गाडी दाखवणार. त्यापेक्षा आपल्या सोयीच्या दिवशी एकट्याने पडदा उघडलेला काय वाईट? जिनिव्हात पुढची तीन वर्षं काही भरलं नाही. आयोजकांनी कतारच्या पर्यटन विभागाशी २०२१ मध्येच हात मिळवला होता, त्यातून २०२३ चं दोह्याचं प्रदर्शन झालं. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिनिव्हात पुन्हा प्रयत्न झाला. नवी विजेवरची रेनॉ ५ तिथे पहिल्यांदा दिसली, पण बाकी मोठ्या कंपन्या बहुतेक फिरकल्याच नाहीत, आणि मे २०२४ च्या अखेरीस आयोजकांनी जिनिव्हातलं प्रदर्शन कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं.

कतारमध्येही मोटारींचा मोठा कारखाना नाही, तेव्हा पाहुण्यांचं प्रदर्शन ही जुनी सोय तशीच राहिली. शिवाय इथं गिऱ्हाईक आहे. पेट्रोल लिटरला दोन रियालच्या आसपास, रस्ते रुंद, आणि सुट्टीच्या दिवशी वाळूत जाण्याची हौस पिढीजात. आखातातल्या लोकांना मोठी फोर-बाय-फोर किती प्रिय आहे हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. निस्सानने नव्या पेट्रोलचं, म्हणजे इंधनाचं नव्हे तर त्या नावाच्या गाडीचं, जागतिक पदार्पण सप्टेंबर २०२४ मध्ये केलं ते अबुधाबीत. जपानी कंपनीची गाडी जपानच्या आधी आखाताने पाहिली.

५. अठ्ठेचाळीस अंशांतलं गणित

आता हॉलच्या बाहेर येऊ. आत एसी होता.

इंजिनात जळलेल्या इंधनापैकी मोठा हिस्सा उष्णता होऊन वाया जातो आणि त्यातली बरीच उष्णता रेडिएटरमार्फत हवेत टाकावी लागते. उष्णता गरमाकडून थंडाकडे जाते, आणि दोघांच्या तापमानात जेवढा फरक तेवढी ती भराभर जाते. समजा रेडिएटरमधलं पाणी १०० अंशांवर आहे. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बाहेर २० अंश असतील तर फरक ८० चा. मेसईदला जुलैच्या दुपारी बाहेर ४८ असतील तर फरक ५२ चा. म्हणजे तोच रेडिएटर आता जेमतेम ६५ टक्के काम करतो. त्यात एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे बसवलेली असते, त्यामुळे रेडिएटरकडे येणारी हवा आधीच एसीने तापवलेली असते. आणि वाळूची टेकडी चढताना इंजिन पूर्ण जोर लावतं, पण गाडी मात्र बैलगाडीच्या वेगाने जाते, म्हणून समोरून वाराही नाही. वारा मागून असेल तर आणखी वाईट.

म्हणून आखाती देशांसाठीच्या गाड्या वेगळ्या तयार होतात. बाजारात त्यांना 'जीसीसी स्पेक' म्हणतात. त्यात सहसा मोठा रेडिएटर, ताकदवान एसी आणि धुळीला पुरून उरणारे फिल्टर असतात. बाहेरून गाडी तीच दिसते. अमेरिकेतून आणलेली तीच गाडी स्वस्त मिळते तेव्हा मोह होतो, पण पुढच्या जाळीमागे काय बसवलंय ते वेगळं असू शकतं. कतारमधल्या जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत 'जीसीसी' हा शब्द ठळक लिहिलेला असतो तो याचमुळे, आणि भावही त्यावर ठरतो.

विजेवरच्या गाडीत इंजिनच नाही, मग तिला या उन्हाची फिकीर कशाला? प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र अपेक्षेच्या उलट आहे. लिथियम बॅटरीला साधारण १५ ते ३५ अंशांत बरं वाटतं. आता वरचाच नियम लावा. इंजिनाचं पाणी १०० अंशांवर असतं, म्हणून ४८ अंशांची हवाही त्याला गारच वाटते. बॅटरी ३५ वर ठेवायची आहे आणि बाहेर ४८ आहेत. इथे उष्णता बाहेर जाणार नाही, उलट बाहेरची आत येईल. रेडिएटर कितीही मोठा बसवा, उपयोग शून्य. मग एसीचंच शीतकरण यंत्र बॅटरीसाठी राबवावं लागतं.

ते किती राबतं? समजा गाडी १०० किलोवॅटच्या चार्जरला लावली आणि त्यातली ५ टक्के वीज बॅटरीतच उष्णता होऊन गेली. ही झाली ५ किलोवॅट उष्णता. दीड टनाचा घरचा एसी साधारण ५.३ किलोवॅट उष्णता खोलीबाहेर काढतो. म्हणजे चार्जिंग चालू असताना बॅटरीसाठी जवळपास एक दीड टनी एसी लागतो, आणि आत बसलेल्या माणसांसाठी वेगळा. हा हिशेब ज्या कंपनीने केला नाही तिच्या गाडीचं काय होतं, ते जगाने पाहिलं आहे. निस्सानच्या पहिल्या लीफमध्ये बॅटरी थंड ठेवायची अशी यंत्रणा नव्हती. जपानात फार बिघडलं नाही. पण २०१२ मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातले मालक तक्रार करू लागले की बॅटरीची क्षमता वेळेआधीच घटते आहे, आणि कंपनीला पुढे क्षमतेची हमी द्यावी लागली. आता बहुतेक गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड करतात. तरीही प्रदर्शनात विजेवरची गाडी पाहताना 'एका चार्जमध्ये किती किलोमीटर' एवढंच विचारून थांबू नये. 'बॅटरी थंड कशाने होते' हे विचारावं. त्यावर विक्रेता किती वेळ घुटमळतो, यातही उत्तर असतं.

माणसाचं यंत्रही याच नियमाने अडतं. दोह्याचं प्रदर्शन चालू असतानाच, ८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री, लुसैलला फॉर्म्युला वनची शर्यत झाली. सूर्य मावळलेला होता, तापमान तिशीच्या थोडं वर होतं, पण हवेत दमटपणा एवढा की घाम वाळेना. घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. लोगन सार्जंटला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली, एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. मेसईदही समुद्राला लागून आहे. तिथल्या उघड्यावर काम करणाऱ्यांना हे कुणी सांगायला नको.

६. टायरमधली हवा का काढतात?

त्याच शर्यतीत टायरवरही बंधन घालावं लागलं होतं. ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांनी टायर आतून उसवत होते, म्हणून एका संचावर जास्तीत जास्त १८ फेऱ्या, असं ठरलं. त्याच आठवड्यात पार दक्षिणेला, सीलाइनला, टायरचा प्रश्न अगदी निराळा होता.

सीलाइनला वाळूत शिरण्याआधी चालक गाड्या थांबवून टायरमधली हवा सोडताना दिसतात. नवख्याला वाटतं, यांचं पंक्चर झालंय. हिशेब असा. गाडीचं वजन शेवटी चार टायरमधली हवा पेलते. वजनाला हवेच्या दाबाने भागलं की टायर जमिनीला किती जागेत टेकतो ते ढोबळमानाने मिळतं. माणसांसकट २,५०० किलोची गाडी घेऊ. रस्त्यावर दाब ३५ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.४६ किलो. भागाकार १,०१६ चौरस सेंटिमीटर, एका टायरच्या वाट्याला २५४. ए-फोर कागद ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी. आता दाब १५ वर आणू. दर चौरस सेंटिमीटरला १.०५ किलो, एकूण २,३८१, एका टायरला ५९५. जवळजवळ अख्खा कागद. प्रत्यक्षात टायरची भिंतही थोडं वजन पेलते, त्यामुळे आकडे इतके काटेकोर येत नाहीत, पण दिशा हीच. वजन तेच आणि टेकायची जागा दुपटीहून जास्त, म्हणून वाळूवर भार निम्म्याहून कमी. गाडी रुतत नाही, वर राहते.

प्रदर्शनातल्या २२ इंची चाकांची अडचण इथे उघडी पडते. टायर पसरायचा तर त्याला भिंत हवी. चाक मोठं आणि टायर पट्टीएवढा असेल तर हवा काढल्यावर रिम थेट वाळूवर येतो, टायर रिमवरून निसटतो, आणि दगड लागला तर रिमच वाकतो. वाळूत नेहमी जाणारे लोक १८ इंची चाकांवर समाधानी असतात. ती फोटोत चांगली दिसत नाहीत, याचं त्यांना सोयरसुतक नसतं.

वाळूचाही स्वभाव कळायला हवा. कतारात शमाल नावाचा वारा वायव्येकडून वाहतो. तो वाळू टेकडीच्या एका अंगाने हळूहळू वर ढकलतो, आणि माथ्यावरून ती पलीकडे कोसळते. त्यामुळे वाऱ्याकडची बाजू सौम्य चढाची आणि आग्नेयेकडची सुमारे ३३ अंशांची उभी. कोरडी वाळू याहून उभी राहतच नाही. सौम्य बाजूने वेगात चढणाऱ्याला माथ्यापलीकडचा उतार दिसत नाही, म्हणून माहितगार चालक माथ्याजवळ वेग कमी करतो, आधी पाहतो, मग नाक सरळ खाली ठेवून उतरतो. तिरपं उतरलं की गाडी कलंडते. टेकड्यांच्या मधली सपाट, पांढरट, मिठाची जागा दिसायला सुरक्षित वाटते. तिला सबखा म्हणतात. वर कडक पापुद्रा आणि खाली चिखल. हवा कितीही काढा, तिथे उपयोग नाही.

आणि बाहेर पडताना हवा पुन्हा भरायची, डांबरी रस्ता लागण्याआधी. मऊ टायर रस्त्यावर वेगात धावला तर त्याची भिंत दर फेरीला वाकते, तापते आणि फुटते.

७. मेसईदचा मालही स्टँडवर असतो

इथल्या कारखान्यात काम करणाऱ्याला प्रदर्शन परकं वाटायचं कारण नाही. कतालममध्ये ओतकामासाठीचं ॲल्युमिनियम बनतं, आणि मोटारीची अलॉय चाकं अशाच मिश्रधातूची असतात. कापकोचं पॉलिथिलीन ज्या जातीचं आहे त्याच्या भावंडापासून पेट्रोलच्या टाक्या होतात. काफ्को युरिया बनवते. शेतकऱ्याला तो गोणीतला ठाऊक. पण भारतातल्या बीएस-६ डिझेल ट्रकच्या छोट्या निळ्या झाकणाच्या टाकीत जे द्रव भरतात त्यात ३२.५ टक्के युरियाच असतो, बाकी शुद्ध पाणी. तो धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू मोडतो. हे कारखाने स्टँडवर फलक लावत नाहीत, एवढंच.

८. ही गाडी गावी नेता येईल का?

मराठी माणूस शेवटी हे विचारतोच. प्राडो पाहिली, आवडली, इथे घेतली, चार वर्षं वापरली. परत जाताना कोल्हापूरला नेऊ का?

नाही. कतारमध्ये वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि स्टिअरिंग डावीकडे असतं. भारताच्या आयात नियमांना उजवीकडचंच स्टिअरिंग लागतं, गाडी नवी असो वा वापरलेली. वापरलेली असेल तर ती तयार होऊन तीन वर्षांहून जास्त झालेली नसावी, अशीही अट आहे. स्टिअरिंग बाजू बदलून बसवणं म्हणजे डॅशबोर्ड, ब्रेकची जोडणी, वायपर, सगळं उलटं करणं, आणि मग त्या गाडीला नवं प्रमाणपत्र कोण देणार? या सगळ्यातून एखादी गाडी पार झालीच तरी सीमाशुल्क एवढं जबर की त्या पैशांत भारतात दुसरी चांगली गाडी येईल.

म्हणून कतार सोडताना गाडी तिथेच विकली जाते, बहुधा नव्याने आलेल्या एखाद्या भारतीयालाच. तिचा भाव ठरताना तो जाहिरातीतला 'जीसीसी' शब्द कामाला येतो, सर्व्हिसचं पुस्तक येतं, आणि घेणारा जाणकार असेल तर तो खाली वाकून पाहतो : गाडी वाळूत किती गेली आहे, समुद्राच्या पाण्याजवळ नेली होती का, सांगाड्याला मिठाचा गंज आहे का. फोर-बाय-फोरची जाहिरात करताना मालक अभिमानाने वाळूतले फोटो टाकतात. भाव कमी करून मागायला घेणाऱ्याला तेवढा एक फोटो पुरतो.